नागपूरची सिव्हिल लाइन्स: गावाहून येणाऱ्यांसाठी

काटोल, उमरेड, रामटेककडच्या शाळांनी सहलीला दूरची ठिकाणं शोधण्याआधी हा पट्टा पाहावा. १८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि त्या काळातल्या इमारती अर्ध्या दिवसात पायी पाहून होतात. वार रविवारचा धरा. सोमवारी अजब बंगला, म्हणजे इथलं संग्रहालय, बंद असतो, आणि इतर दिवशी हायकोर्टापुढं पक्षकारांची गर्दी असते.

सीताबर्डीहून मेट्रोनं एकच स्थानक, झिरो माइल फ्रीडम पार्क. वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे दिसले की सगळे ‘देशाचा मध्य’ म्हणून फोटो काढतात. खरं तर सर्वेक्षण खात्यानं १९०७ मध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची मोजायला पक्की खूण म्हणून हा दगड रोवला, आणि आजच्या भारताचा मध्य इथं येत नाही. जवळच्या दगडावर चांदा, रायपूर, जबलपूरची अंतरं मैलांत कोरली आहेत. पोरांना ती १.६ नं गुणायला लावा. अक्षरं इंग्रजीत आहेत, त्यामुळं सोबतच्या गुरुजींनी वाचून समजावल्याशिवाय बरीचशी मुलं नुसती घोडे पाहून पुढं जातात. इतक्या मोलाच्या जागेला सोप्या मराठीत सविस्तर माहिती लाभायलाच हवी.

विधान भवन रस्त्यावरूनच पाहायचं. डिसेंबरात अधिवेशन असलं की सहल नेऊच नका: मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवतात, रस्ते वळवतात आणि बस तिथंच अडकून पडते. जानेवारी-फेब्रुवारी बरा.

सगळ्यात देखणी इमारत हायकोर्टाची. पायाभरणी १९३७ ची, उद्घाटन १९४० चं. वास्तुकार हेन्री मेड, ज्यांनी नवी दिल्लीच्या उभारणीतही काम केलं. मधला घुमट आणि दगडी खांब फाटकाबाहेरून नीट दिसतात. घोळका घेऊन आत शिरायची ही जागा नाही. दहा मिनिटं शांतपणे थांबलं तर घडीव दगडाचं काम नजरेत भरतं, आणि तेवढ्यासाठी एवढं चालत यावं.

अजब बंगला १८६३ चा. शिलालेख, मूर्ती आणि नाणी आधी दाखवा. पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या दालनात पोरं एकदा गेली की बाहेर निघत नाहीत.

परतताना रेल्वे स्टेशनसमोर थोडं थांबा. १९२५ ची ही इमारत सावनेरच्या दगडातली आहे.

सीताबर्डीचा किल्ला मात्र लष्कराकडं आहे. १८१७ ची भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली ती हीच टेकडी. सामान्य माणसाला वर सोडतात ते फक्त २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. एरवी गेटावरूनच परत यावं लागतं. मे महिन्यात टेकडीवर ऊन सोसवत नाही, ऑगस्टात पावसाचा भरवसा नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर २६ जानेवारीच धरा, आणि पाणी सोबत न्या.