लेन्सची बुरशी: ड्राय कॅबिनेट की डबा आणि सिलिका जेल?

चिपळूणच्या मावसभावाने मॅक्रो लेन्स घेतली, आंबोलीचे बेडूक टिपायला. आता विचारतोय, पावसाळ्यात ती ठेवू कुठे? बुरशीला फार काही लागत नाही: ६५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता, अंधार आणि महिनाभर न उघडलेली बॅग. माझ्या ५० एमएम लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आले ते असेच.

खर्चात डबा सरळ जिंकतो. रबरी कडेचा हवाबंद डबा, अर्धा किलो सिलिका जेल (ओलावा शोषणारे निळे दाणे), छोटा आर्द्रतामापक, झालं. ड्राय कॅबिनेट म्हणजे आतली आर्द्रता आपोआप कमी ठेवणारं विजेवरचं कपाट; लहानसं घेतलं तरी डब्याच्या कितीतरी पट महाग.

मेहनतीत मात्र उलटं. कॅबिनेट ४५ टक्क्यांवर लावलं की विसरा. डब्यातले निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होईपर्यंत. जुलैत डबा सारखा उघडलात तर हे आठवड्यालाच. ती कढई परत स्वयंपाकात नाही, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. (लेन्स तांदळात पुरायचा सल्ला ऐकूही नका, भुकटी आत जाते.)

वीज गेली तर? दार बंद ठेवलंत तर कॅबिनेट काही तास तग धरतं. दोन दिवस गेली तर त्यातही सिलिकाची पुडी टाकावी लागते.

एक कॅमेरा बॉडी, दोन लेन्स असतील तर डबाच. पाच-सहा लेन्स असतील आणि त्यातल्या काहींना महिनोन्महिने हात लागत नसेल, तर कॅबिनेट. भावाला मी डबा सांगितलाय, पण मावशी कढई द्यायला तयार नाही.