केबल टाय नायलॉनचा घ्यावा की स्टीलचा? शेत, गच्ची, बोअर, बॉयलर, जागेनुसार बघू

आमच्या तात्यांनी मागच्या महिन्यात शेतात सौर पंप बसवला आणि लगेच फोन केला, दुकानदार म्हणतोय वायरी बांधायला स्टीलचेच टाय न्या, परत बघायला नको, तर घेऊ का? मी म्हणलं तात्या थांबा, आधी सांगा टाय कुठं बांधायचेत. मी वायरिंगचं काम करतो, आमच्या मराठवाड्यात ऊन, बोअर आणि कारखाने तिन्ही ठिकाणी टाय लागतात, आणि प्रत्येक जागी उत्तर वेगळं येतं. टाय किती ताकदीचा हे सगळे आधी विचारतात, पण वायरीला वजन असतं किती? साधा ४.८ मिलिमीटर रुंदीचा नायलॉन टाय २२ किलोच्या आसपास ताण घेतो, ७.६ चा ५० किलोच्या वर. खरा प्रश्न हा की तिथं तो टाय कशानं खराब होणार आहे.

उन्हापासून सुरू करतो कारण तिथं मी स्वतः चुकलोय. पहिल्यांदा सोलरचं काम घेतलं तेव्हा एका घराच्या गच्चीवर पॅनलखालच्या डीसी वायरी मी पांढऱ्या टायने बांधल्या, दुकानात तेच होते आणि स्वस्त होते. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर पाहिलं तर टाय पिवळट पडलेले, बोटानं वाकवला की कट्टकन् दोन तुकडे. अर्धे आधीच तुटून पडले होते, वायर लोंबून पत्र्याच्या कडेवर घासत होती, आणि पावसाळ्यात इन्व्हर्टर रोज सकाळी इन्सुलेशनचा फॉल्ट दाखवून बंद पडायला लागला. घरमालक भला माणूस, काही बोलला नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण त्या पत्र्यावर त्याची पोरं चढायची.

तर पांढरा नायलॉन घरातल्या स्विचबोर्डच्या बॉक्ससाठी, बाहेर अजिबात नाही. बाहेर काळा, आणि नुसता रंगानं काळा नाही तर पाकिटावर यूव्ही, म्हणजे ऊन सोसणारा, असं लिहिलेला. त्यात कार्बन ब्लॅक घातलेला असतो, तो ऊन आत जाऊ देत नाही. नायलॉन ६६, म्हणजे टायसाठी वापरतात तो नायलॉन, त्याला साधारण ८५ डिग्रीपर्यंत चालतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात हवा ४३-४४ ला गेली तरी पॅनलची मागची बाजू ६५-७० च्या घरात राहते, म्हणजे उन्हापायी स्टील घ्यायची गरजच पडत नाही. तात्यांना मी हेच सांगितलं.

अजून एक गोष्ट, दुकानदार सांगत नाहीत. नायलॉनला थोडा ओलावा लागतो, तो हवेतून पाणी ओढून घेतो आणि त्यानंच लवचीक राहतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाकीट उघडं पडलं की नवाकोरा टायसुद्धा ओढताना तुटतो, आणि आपण माल खराब म्हणून शिव्या घालतो. पाकिटात चार थेंब पाणी शिंपडून रात्रभर तोंड बांधून ठेवा, सकाळी फरक कळतो.

आता स्टील. त्याच्या डोक्यात बारीकशी गोळी असते, पट्टी ओढली की गोळी फटीत अडकते आणि पट्टी मागं सरकत नाही. साधा स्टीलचा टाय ५०० डिग्रीलाही टिकतो, म्हणून जनरेटरचा सायलेन्सर, साखर कारखान्यातली वाफेची लाईन, भट्टीजवळची केबल, तिथं नायलॉनचा विचारही करू नका, नायलॉन २६० च्या आसपास वितळतोच पण त्याच्या कितीतरी आधी कडक होऊन जातो. ट्रॅक्टरच्या इंजिनजवळ पण सायलेन्सरला न चिकटलेली वायर असेल तर उष्णतेसाठी बनवलेला नायलॉन मिळतो, १०५ डिग्रीवाला, तो बास होतो.

पण स्टीलची कड धारदार असते. थेट वायरीवर आवळला आणि मशीन हलणारं असेल तर ती कड हळूहळू इन्सुलेशन कापते, वरून धातू असल्यामुळं करंट उतरायचं भय. म्हणून वायरीवर बांधायचा असेल तर कोटिंगवालाच घ्या, फक्त कोटिंग आलं की उष्णतेची मर्यादा १५० च्या जवळ उतरते, पीव्हीसी कोटिंगला तर त्याहून कमी. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या टर्मिनलजवळ स्टीलचा टाय कधीच बांधू नका, सैल पडून दोन टर्मिनलवर आडवा झाला तर क्षणात शॉर्ट.

बोअरच्या बाबतीत तर मी भांडायला तयार आहे. सबमर्सिबलची चपटी केबल पाईपाला बांधताना लोक मजबूत म्हणून स्टील घालतात, आणि मोटार चालू होताना पाईपाला जो पीळ बसतो त्या प्रत्येक झटक्याला स्टीलची कड केबलवर घासते. पाचशे फुटांवरची केबल कापली गेली तर सगळा पाईप वर काढावा लागतो. तिथं ऊन नाही, गरमी नाही, रुंद काळा नायलॉन दर दहा फुटाला, खाली टेपचे दोन वेढे. एचडीपीई, म्हणजे काळा लवचीक प्लॅस्टिकचा पाईप असेल तर दोन टायमध्ये केबल थोडी सैल सोडा, पाण्याच्या वजनानं पाईप लांबतो आणि ताणलेली केबल जॉइंटमधून सुटते.

ड्रीपवाल्यांनी हे नीट वाचा. नळ्यांतला क्षार काढायला आपण अॅसिड सोडतो, त्या टाकीजवळ नायलॉन टिकत नाही, अॅसिड त्याला खातं. स्टील घेऊ म्हणाल तर हायड्रोक्लोरिक अॅसिड ३०४ स्टीललाही, म्हणजे नेहमीच्या स्टेनलेस स्टीललाही, गंजवतं. तिथं पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचा टाय मागा, ताकद कमी असते पण अॅसिडला दाद देत नाही. शहरात मोठ्या दुकानात विचारलं तर मिळतो.

मंगल कार्यालय, दवाखाना, जिनिंग अशा ठिकाणी जिन्यावरून किंवा दारावरून केबल जात असेल तर मी दर दोन-तीन नायलॉन टायनंतर एक स्टीलचा घालतो. आग लागली की नायलॉन वितळून सगळा केबलचा गुच्छा खाली पडतो आणि पळणारी माणसं त्यात अडकतात. ब्रिटनमध्ये याच कारणानं वायरिंगच्या नियमातच आलंय की आगीत केबल लवकर खाली पडता कामा नये.

स्टील घेताना ३०४ लिहिलेलं बघा आणि लोहचुंबक लावा, किंचित ओढलं तर चालतं, घट्ट चिकटलं तर परत द्या. ३१६ ही त्याहून भारी जात समुद्राकाठच्या खाऱ्या हवेसाठी असते, कोकणात काम घेतलं तर घ्या, परभणी-लातूरला त्याचे जास्तीचे पैसे कशाला.

तात्यांनी शेवटी काळ्या यूव्हीचं शंभरचं पाकीट घेतलं आणि जनरेटरच्या सायलेन्सरसाठी चार स्टीलचे. बांधून झाल्यावर मी शेपट्या कापताना पाहिलं तर त्यांनी टाय इतके आवळले होते की वायर दबली होती, ते सगळे कापून परत बांधले.