लुआ ५.४ : आंब्याच्या पट्टीसाठी स्वतःची फंक्शने जोडताना

लुआ या स्क्रिप्टिंग भाषेची अंगभूत लायब्ररी (म्हणजे तयार फंक्शनांचा संच) मुद्दाम लहान ठेवलेली आहे, आणि मराठीत हिशेब लिहिणाऱ्याला तिच्यातलाही बराच भाग आहे तसा वापरता येत नाही. तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गातील छोट्या व्यवसायांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना मी हीच भाषा सुचवतो, कारण आपण जोडलेले फंक्शन आणि मूळचे फंक्शन यांत ती कोणताही भेद करत नाही. जे कमी आहे ते आपण भरून काढू शकतो, आणि भरून काढलेले परके वाटत नाही.

ब्राझीलमधील रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली तयार झालेली ही भाषा एमआयटी परवान्याखाली विनामूल्य मिळते आणि तिचा इंटरप्रिटर (लिहिलेला प्रोग्राम चालवणारा भाग) सुमारे तीनशे किलोबाइटांत मावतो. देवगडजवळच्या ज्या पॅकिंग हाऊससाठी मी ती वापरतो, तिथले संगणक जुने आहेत आणि इंटरनेटचा भरवसा नसतो, त्यामुळे हा लहानपणा तिथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो. मुख्य प्रोग्राम सी भाषेत आहे. दलाली, हमाली, वाहतूक आणि डाग लागलेल्या फळांची वजावट हे नियम मात्र लुआमध्ये लिहिलेले आहेत, कारण ते प्रत्येक व्यापाऱ्यागणिक आणि प्रत्येक हंगामात बदलतात.

पहिली अडचण मजकुराची. लुआच्या दृष्टीने स्ट्रिंग म्हणजे केवळ बाइटांची रांग असते. ‘रत्नागिरी’ या शब्दाची लांबी विचारली, तर स्ट्रिंग लायब्ररी २७ हे उत्तर देते, आवृत्ती ५.३ पासून आलेली यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) लायब्ररी ९ सांगते, आणि शाळेत शिकलेला कोणीही माणूस चार अक्षरे मोजतो. पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, गावाचे नाव वीस जागांच्या रकान्यात बसवायला सांगितले, की फॉरमॅट हे फंक्शन बाइट मोजून जागा सोडते आणि त्या ओळीतले पुढचे सगळे आकडे सरकतात. स्ट्रिंग मध्येच कापली, तर एखादे अक्षर अर्धे तुटून चौकट किंवा प्रश्नचिन्ह छापले जाते. म्हणून स्वर, व्यंजन, काना-मात्रा आणि हलन्त यांचे नियम सांभाळून अक्षरे मोजणारे एक फंक्शन लिहावे लागले. ते पन्नास ओळींच्या आत बसते, आणि एकदा लिहिल्यावर कापणे, भरणे आणि मध्यभागी आणणे ही तिन्ही कामे त्याच्यावरच उभी राहतात.

आकड्यांच्या बाबतीत लुआचे खरे सौष्ठव दिसते. ‘१२’ असा देवनागरी आकडा दिला, तर संख्येत रूपांतर करणारे मूळ फंक्शन काहीच परत करत नाही, आणि अंक शोधणारा नमुनाही त्याला अंक मानत नाही. यावर उपाय मात्र एका ओळीचा आहे. बदल करणाऱ्या जीसब या फंक्शनला तिसरा घटक (फंक्शनला दिलेले मूल्य) म्हणून टेबल, म्हणजे चाव्या आणि त्यांची मूल्ये यांची यादी, देता येते, त्यामुळे दहा अंकांचे एक टेबल आणि यूटीएफ-८ लायब्ररीतला अक्षर-नमुना एवढ्यावर काम होते. टेबलात न सापडलेली अक्षरे आहे तशी राहतात. छापताना हेच टेबल उलटे करून वापरावे. लाख-कोटींचे स्वल्पविराम मात्र लुआला ठाऊक नाहीत. शेवटचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोनचे गट पाडणारे फंक्शन स्वतःच लिहावे लागते, नाहीतर १२,३४,५६७ ही रक्कम सलग छापली जाते.

माझ्या लायब्ररीतले सर्वांत जास्त वापरले जाणारे फंक्शन डझनांचे आहे. बागायतदार ५१ फळांना सव्वाचार डझन म्हणतो, ५४ म्हणजे साडेचार आणि ५७ म्हणजे पावणेपाच. पण १८ म्हणजे दीड आणि ३० म्हणजे अडीच, तेथे ‘साडे’ चालत नाही. नियम आणि अपवाद एकत्र सांभाळण्यासाठी अपवादांचे छोटे टेबल ठेवून आधी त्यात शोध घ्यावा, आणि तेथे न मिळाल्यास नियमाकडे वळावे. येथे ५.३ पासून आलेला पूर्णांक आणि दशांश यांतला फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे. ४८ ला १२ ने साध्या भागाकाराने भागले, तर उत्तर ४.० असे येते आणि पट्टीवरही तसेच उमटते. दोन तिरक्या रेघांचा पूर्णांकी भागाकार वापरला, तर स्वच्छ ४ मिळते. रुपयांचा हिशेबही त्यामुळे पैशांमध्ये, पूर्णांकांतच ठेवलेला बरा.

वर्णक्रमाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ही चूक चटकन दिसत नाही. यादी क्रमाने लावणारी लुआची सॉर्ट सर्वसाधारण स्थितीत बाइटांच्या क्रमाने, म्हणजेच युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या क्रमाने चालते. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. परिणामी गावांच्या यादीत केळशी हे नाव केसरीच्या आधी लागते. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि ह च्याही बरेच पुढे बसले, म्हणून ‘ॲड.’ ने सुरू होणारी सगळी नावे यादीच्या तळाशी जातात. सॉर्टला दुसरा घटक म्हणून आपले तुलना-फंक्शन देण्याची सोय आहे, आणि प्रत्येक वर्णाला वर्णमालेतला क्रमांक देणारे टेबल केले, की हा प्रश्न सुटतो. तुलना मात्र काटेकोर हवी. दोन समान नावांना ‘पहिले लहान’ असे उत्तर दिले, तर सॉर्ट क्रम अवैध असल्याची त्रुटी दाखवून थांबू शकते.

ही फंक्शने ठेवायची कोठे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लुआमध्ये अंगभूत स्ट्रिंग लायब्ररी हे एक साधे टेबल आहे आणि सर्व स्ट्रिंगांचे सामाईक मेटाटेबल (मूल्यावरच्या क्रिया कशा चालाव्यात हे सांगणारे टेबल) त्याच्याकडे बोट दाखवते. त्या टेबलात आपण नवे फंक्शन घातले, की लगेच कोणत्याही स्ट्रिंगपुढे अपूर्णविराम देऊन ते वापरता येते, आणि लिहिलेला मजकूर फार सुबक दिसतो. हा मोह आवरावा असे माझे स्पष्ट मत आहे. नियमांची फाइल पॅकिंग हाऊसमधला कारकून स्वतः बदलतो, म्हणून ती मर्यादित परिसरात चालवावी लागते: मजकूर प्रोग्राम म्हणून चालवायला घेणाऱ्या लोड या फंक्शनला वेगळे परिसर-टेबल (त्या फाइलीला दिसणाऱ्या नावांची यादी) देऊन फाइली उघडणारी आयओ आणि प्रणालीच्या आज्ञा चालवणारी ओएस या लायब्ररी त्यातून वगळायच्या. मेटाटेबल मात्र त्या कुंपणाच्या आतही तेच असते. म्हणजे स्ट्रिंग टेबलात जोडलेले प्रत्येक फंक्शन, आपण द्यायचे ठरवले असो वा नसो, कारकुनाच्या फाइलीला मिळते. शिवाय लुआच्या पुढच्या आवृत्तीत त्याच नावाचे अंगभूत फंक्शन आले, तर आपले फंक्शन त्याला झाकून टाकेल. विकिपीडियावर लुआ चालवणाऱ्या स्क्रिबुंटो या विस्ताराने युनिकोड मजकुरासाठी स्वतंत्र टेबल दिले आणि मूळ स्ट्रिंग टेबलातली फंक्शने आपल्या जागी राहू दिली, हा नमुना मला अनुकरणीय वाटतो. आपली फाइल शेवटी एक टेबल परत करते, रिक्वायर हे फाइल आत घेणारे फंक्शन ते एकदाच लोड करून साठवून ठेवते, आणि कोणते फंक्शन कोठून आले हे वाचणाऱ्याला नावावरूनच कळते.

वजनकाटा सिरियल पोर्टने जोडलेला आहे आणि त्याचे वाचन फक्त सी भाषेतूनच नीट होते, म्हणून एक फंक्शन सीमध्ये लिहिले. येथील रचना अतिशय नेटकी आहे: घटक स्टॅकवर (मूल्यांच्या चळतीवर) १ पासून क्रमाने मिळतात, उत्तरे त्याच स्टॅकवर ठेवायची, आणि किती उत्तरे ठेवली तो आकडा परत करायचा. घटकांची तपासणी करणारी सहायक फंक्शने सोबत मिळतात आणि चुकीचा घटक आल्यास ती कितव्या क्रमांकाचा आहे हेही सांगतात. धोका त्रुटीच्या वेळी आहे. सीमध्ये सर्वसाधारणपणे कंपाइल केलेली लुआ त्रुटी आल्यावर सीमधल्या लाँगजंप या सोयीने थेट बाहेर उडी घेते; मधली मेमरी मोकळी करण्याची किंवा पोर्ट बंद करण्याची ओळ चालतच नाही. उघडलेला पोर्ट यूजरडेटामध्ये (लुआने सांभाळलेल्या सीच्या वस्तूत) ठेवून त्याच्या मेटाटेबलात बंद करण्याचे फंक्शन देणे हा त्यावरचा योग्य मार्ग आहे, आणि ५.४ मध्ये आलेल्या, आपोआप बंद होणाऱ्या स्थानिक चलांमुळे लुआच्या बाजूनेही तीच हमी देता येते.

एक उणीव मनापासून खटकते. मूळ बांधणीत फंक्शनांची आणि चलांची नावे देवनागरीत ठेवता येत नाहीत. टेबलाच्या चाव्या मात्र कोणत्याही स्ट्रिंग असू शकतात, त्यामुळे नियमांच्या फाइलीत दलाली आणि हमाली हे शब्द अवतरणात का होईना, मराठीत लिहिता येतात, आणि कारकुनाला तेवढे पुरते.

नवी सुरुवात करणाऱ्याने ५.४ च घ्यावी. वेगासाठी लुआजिट या लुआच्या वेगळ्या अंमलबजावणीचा विचार करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की ती ५.१ शी सुसंगत आहे, म्हणून यूटीएफ-८ ची लायब्ररी आणि वेगळे पूर्णांक तिच्यात नाहीत आणि वरची बरीच फंक्शने नव्याने लिहावी लागतील. ५.३ वरून ५.४ वर येताना शुद्ध लुआमधल्या फाइली बहुतेक तशाच चालतात, सीमधले मॉड्यूल मात्र नव्या आवृत्तीसाठी पुन्हा कंपाइल करावे लागते. हे काम आंबा सुरू होण्याच्या आधी, पावसाळ्यानंतरच्या मोकळ्या महिन्यांत उरकावे आणि गेल्या हंगामाच्या पट्ट्या नव्या प्रोग्राममधून काढून जुन्या छापील प्रतींशी रकमेनिशी ताडून पाहाव्यात.