लिव्हरच्या गाठीसाठी कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी: घ्यावी का, आणि काय बघून घ्यावी

साध्या सोनोग्राफीत लिव्हरमध्ये दोन-अडीच सेंटिमीटरची गाठ दिसली, की खानापूर असो वा चिकोडी, घरचे लोक थेट सीटी किंवा एमआरआयची चौकशी सुरू करतात. मधली एक तपासणी विचारायची राहून जाते. गाठी एक-दोनच असतील, साध्या सोनोग्राफीत स्पष्ट दिसत असतील आणि किडनी नाजूक असेल, तर आमची पहिली पसंती कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीलाच.

यातलं औषध म्हणजे सल्फर हेक्साफ्लोराइड वायूचे सूक्ष्म बुडबुडे. रक्ताबरोबर ते जिथे पोहोचतात, तो भाग स्क्रीनवर उजळतो. सोनोव्ह्यू नावाच्या वायलमध्ये (छोट्या बाटलीत) पांढरी पूड असते. तिच्यात ५ मिली सलाईन घालून सुमारे २० सेकंद जोरात हलवलं की दुधासारखं द्रावण होतं. लिव्हरसाठी नेहमीचा डोस २.४ मिली, म्हणजे एका वायलमध्ये दोन डोस. बुडबुडे वर तरंगतात, म्हणून सिरिंजमध्ये ओढण्याआधी वायल पुन्हा हलवावी लागते. सुई २० गेजची किंवा जाड हवी. बारीक सुईतून दाबाने ढकललं तर बुडबुडे फुटतात. मागोमाग ५ ते १० मिली सलाईन. वायू श्वासावाटे बाहेर जातो, किडनीवर भार नाही, त्यामुळे क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबायचं कारण नाही. ॲलर्जीची प्रतिक्रिया क्वचित येते, पण येऊ शकते. इमर्जन्सीची औषधं खोलीत हवीतच. नुकताच हार्ट ॲटॅक येऊन गेला असेल किंवा फुफ्फुसातला रक्तदाब फार वाढलेला असेल, तर आधी सांगा.

खरी कसोटी घड्याळाची. औषध शिरेत गेलं की टायमर सुरू. साधारण १० ते ४५ सेकंद धमनीचा टप्पा, २ मिनिटांपर्यंत पोर्टल शिरेचा (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर), पुढे ४ ते ६ मिनिटांपर्यंत उशिराचा. हेमँजिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ) कडेने ठिपक्यांसारखा भरू लागतो, हळूहळू आत सरकतो आणि उजळलेला राहतो. एफएनएच (फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया, हीसुद्धा साधी गाठ) मधून चाकाच्या आऱ्यांसारखी भरते, तीही उजळ राहते. दुसरीकडून आलेल्या कॅन्सरची गाठ बहुतेकदा मिनिटभराच्या आत काळी पडू लागते. सिरॉसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्यांमध्ये १ सेंटिमीटर किंवा मोठी गाठ आधी सगळी उजळली (फक्त कडा नव्हे) आणि ६० सेकंदांनंतर हलकीशी फिकी झाली, तर ती लिव्हरच्याच कॅन्सरची खूण. हा नियम निरोगी लिव्हरला लावू नये. पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये सीटीचं औषध रक्तवाहिनीबाहेर झिरपून उशिरापर्यंत टिकू शकतं. बुडबुडे वाहिनीतच राहतात, म्हणून ती गाठ इथे लवकर काळी पडते.

चुका होतात त्या बहुतेक घाईने. काही लिव्हर कॅन्सर तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला फिके होतात. दोन मिनिटांत प्रोब (पोटावर ठेवायचं मशीनचं टोक) उचलला तर गाठ साधी ठरते. उलटही घडतं: प्रोब एकाच जागी सतत धरून ठेवला तर ध्वनीनेच बुडबुडे फुटतात, आणि बिचारा हेमँजिओमा काळा पडल्यासारखा दिसतो. म्हणून पहिल्या मिनिटानंतर थांबून थांबून बघायचं आणि स्क्रीनवरचा एमआय (मेकॅनिकल इंडेक्स, म्हणजे ध्वनीच्या जोराचा आकडा) सुरुवातीपासून ०.२ च्या खाली ठेवायचा. लहान हेमँजिओमा क्षणात भरतो, तेव्हाही उत्तर शेवटच्या मिनिटांतच मिळतं.

मर्यादा स्पष्ट आहेत. एका डोसमध्ये धमनीचा टप्पा एकाच गाठीचा नीट दिसतो. गाठ १०-१२ सेंटिमीटर खोल, डायाफ्रामखाली (छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली) दडलेली किंवा लिव्हर फार चरबीयुक्त असेल, तर पैसे वाया जातील. संपूर्ण पोटात आजार किती पसरलाय, हे सीटी-एमआरआयनेच कळतं.

निपाणीकडच्यांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं. कुठेही जा, आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: मशीनमध्ये कॉन्ट्रास्ट मोड आहे का, वायल हजर आहे की मागवावी लागते, आणि पूर्ण व्हिडिओ मिळतो का. रिपोर्टमध्ये गाठ कोणत्या सेकंदाला उजळली आणि कोणत्या सेकंदाला फिकी झाली, हे लिहिलेलं हवं. नुसतं ‘गाठ साधी वाटते’ एवढंच असेल, तर तो रिपोर्ट आम्ही अपुरा धरतो. दोन गाठी असतील तर नाव नोंदवतानाच सांगा. वायल एकदा तयार केली की ६ तासांत वापरावी लागते, म्हणजे दुसरा डोस त्याच बैठकीत घेता येतो.