मोर्शी-वरुड रस्त्यावरचं संत्रा रसाचं दुकान: आधी भिंत वाचा

मृग बहराचा संत्रा मंडीत टाकून परतताना रस्त्याकडेच्या टिनाच्या दुकानात थांबलो. ग्लास ३० रुपये. काका संत्रा हातानं सोलतात, फोडीतली बी काढतात, मगच दाबतात. बी चिरडली की रस कडू होतो, हे बागवाल्याला सांगायला नको. बर्फ मागितला तरच. रस एक नंबर.

पण लिहायला बसलो ते भिंतीसाठी. तिथं ऑइलपेंटनं युरोपातली संत्र्याची नावं रंगवली आहेत. "पयले वाचा भाऊ, मंग रस घ्या," काका म्हणाले. आपला संस्कृत 'नारंग' फारसीतून अरबीत गेला, 'नारंज' झाला. स्पेनमध्ये 'नारांहा', पोर्तुगालमध्ये 'लारांजा'. इटलीत मात्र पुढचा 'न' गळाला. 'उना नारांचा' म्हणता म्हणता तो 'न' मागच्या 'उना'तच मुरला आणि फळाला उरलं 'आरांचा'. मी उभ्या उभ्या तीनदा म्हणून पाहिलं. खरंच, 'न' कुठं गेला कळत नाही!

ग्रीकांत 'पोर्तोकाली', बल्गेरियात 'पोर्तोकाल', कारण गोड जात पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी नेली. डच 'सिनासआपल' आणि रशियन 'आपेलसिन' म्हणजे चीनचं सफरचंद. आपणही कलमं घेताना गावाचं नाव लावून 'शेंदूरजनाघाटची' म्हणतोच की.

एक चूक आहे. हॉलंडच्या राजघराण्याचं नाव फळावरून पडलं, असं लिहिलंय. ते पडलं दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज गावावरून. रोमन काळात त्या गावाला अराउसिओ म्हणत. १५४४ मध्ये त्या घराण्यातल्या विल्यमला तिथली गादी वारशानं मिळाली. फळाचं नाव आपल्याकडून गेलेलं, गावाचं तिथलंच जुनं. बोलता बोलता दोन्ही सारखी झाली. काकांना सांगितलं तर त्यांनी लगेच खडूनं त्या ओळीवर फुली मारली. हा माणूस मला फार आवडला.

अजून एक नाव हवं होतं. आपला नागपुरी संत्रा इंग्रजीत 'मँडरिन'मध्ये मोडतो. पोर्तुगीज चिनी अधिकाऱ्यांना 'मांदारीं' म्हणत, तेच नाव पुढं या फळाला लागलं. तो शब्द त्यांनी मलय 'मंतरी'वरून घेतला आणि मलयमध्ये तो आला आपल्या 'मंत्री'वरून. ज्या फळावर आपली घरं चालतात, त्याचंच हे नाव भिंतीवर नाही, याची हळहळ वाटली. काकांना कागदावर लिहून देऊन आलो.

गाडी लावायला सावली नाही. साडेचारनंतर माल संपतो, तेव्हा दुपारीच जा.