एक्सपोर्टनंतर रंग फिके पडतात: एलयूटी लावावा, टॅग दुरुस्त करावेत की व्ह्यूअर सुधारावा?

एडिटिंगच्या टाइमलाइनवर काळंभोर दिसणारं जॅकेट एक्सपोर्टनंतर मॅकवरच्या क्विकटाइम प्लेअरमध्ये राखाडी दिसतं, चेहऱ्यावरचा तजेलाही उतरतो. यावर तीन उपाय सुचवले जातात: भरपाईचा एलयूटी (ठरलेल्या तक्त्यानुसार रंग बदलणारी फाइल), टॅगची दुरुस्ती किंवा व्ह्यूअरची, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या प्रिव्ह्यू खिडकीची सेटिंग. कोणताही निवडण्याआधी एक तपासणी मात्र कराच.

एक्सपोर्ट केलेली फाइल त्याच प्रोजेक्टमध्ये परत आणा, मूळ शॉटच्या वर ठेवा आणि दोन्हींचा वेव्हफॉर्म (चित्रातल्या उजेडाची पातळी दाखवणारा आलेख) पाहा. आलेख जुळला तर बहुधा फाइल ठणठणीत आहे, फरक प्लेअरच्या दाखवण्यात आहे. काळा भाग तळापासून उचलला गेला असेल तर संशय लेव्हल्सवर, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या आकड्यांच्या मर्यादेवर घ्या. ८ बिटमध्ये व्हिडिओ लेव्हल १६ ते २३५ असते, फुल लेव्हल ० ते २५५. व्हिडिओ लेव्हलची फाइल फुल समजून वाचली गेली, की १६ या आकड्याला असलेला काळा राखाडी होतो. उलट झालं तर सावल्यांमधला तपशील बुजून जातो. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्टच्या डिलिव्हर पेजवरचे डेटा लेव्हल्स आणि मूळ क्लिपच्या अ‍ॅट्रिब्यूट्स दोन्ही बघा. ही चूक राहिली तर खालचा एकही उपाय कामाचा नाही.

एलयूटी सगळ्यात झटपट. मॅकवरच्या क्विकटाइमसाठी असा एलयूटी अ‍ॅडोबीनेच उपलब्ध करून दिला आहे. पण तो पिक्सेलच गडद करतो, आणि ते कायमचं. मी एका मुलाखतीला असा एलयूटी लावला होता. मॅकवर सगळं चोख दिसलं, टीव्हीवर मात्र काळे केस आणि मागची भिंत एकच झाली. फाइल फक्त मॅकवरच बघितली जाणार असेल तर ठीक, एरवी मी याच्या वाटेला जात नाही.

टॅग म्हणजे रंग कसे वाचायचे हे सांगणाऱ्या फाइलवरच्या पाट्या: प्रायमरीज (मूळ रंग), ट्रान्सफर (उजळपणाचा वक्र) आणि मॅट्रिक्स (रंगांचं गणित). तिन्ही रेक ७०९ (एचडी व्हिडिओचं रंग-मानक) असतील तर १-१-१ असं लिहितात. खरी मेख इथे आहे. ही पाटी वाचून मॅकचं कलरसिंक (रंग सांभाळणारी यंत्रणा) साधारण १.९६ गॅमा (मधले टोन किती उजळ दिसतील ते ठरवणारा आकडा) धरून चित्र दाखवतं, तर २०११ च्या बीटी १८८६ शिफारशीनुसार जुळवलेला मॉनिटर २.४ च्या आसपास असतो. तेच आकडे, पण मॅकवर मधले टोन उजळतात. पाटीच नसेल तर प्लेअर अंदाज बांधतो. रेक ७०९ च्या फाइलला बीटी ६०१ (जुन्या एसडी व्हिडिओचं मानक) चं मॅट्रिक्स लागलं, की लाल आणि हिरवा सरकतात. अशा वेळी टॅग दुरुस्त करणं हाच योग्य उपाय. फाइल एच २६४ कोडेकची असेल तर एफएफएमपेग या व्हिडिओ-प्रोग्रॅमच्या मेटाडेटा फिल्टरने पुन्हा एन्कोड न करताही ते बदलता येतात, पिक्सेलला धक्का लागत नाही. तरीही काही प्लेअर टॅग मानतच नाहीत, ते आपल्या हातात नाही.

वेबसाठी काम करत असाल तर मी व्ह्यूअर सुधारायला सांगेन. अ‍ॅडोबीच्या प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्ले कलर मॅनेजमेंट चालू करा. नव्या आवृत्त्यांत व्ह्यूअर गॅमाही निवडता येतो: ब्रॉडकास्टला २.४, वेबला २.२, क्विकटाइमला १.९६. मॅकवरच्या रिझॉल्व्हमध्ये व्ह्यूअरसाठी मॅकचा डिस्प्ले प्रोफाइल वापरण्याचा पर्याय लावा आणि आउटपुटला रेक ७०९-ए (मॅकच्या दाखवण्याशी जुळणारी निवड) ठेवा. मग क्विकटाइममध्ये जे दिसणार तेच ग्रेडिंग (रंगांची जुळवणी) करताना डोळ्यांसमोर असतं, आणि जॅकेट किती काळं ठेवायचं हे तुम्ही ठरवता. आधीचा ग्रेड यात पुन्हा तपासावा लागतो. तेवढा वेळ द्या, तो वाया जात नाही.

प्रसारणासाठी काम असेल तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर निर्णयच घेऊ नका. व्हिडिओ आउटपुट कार्डाला जोडलेला, कॅलिब्रेट केलेला मॉनिटर लागतोच.

फोनवर एचएलजीमध्ये (एचडीआरचा एक प्रकार) चित्रित केलेला शॉट रेक ७०९ टाइमलाइनवर टाकला आणि आकाश पांढरंफटक झालं, तर ते एक्सपोर्टचं दुखणं नाही. तिथे क्लिपची कलर स्पेस आधी रेक ७०९ मध्ये बदलून घ्या आणि मगच ग्रेडिंगला हात लावा.