तपकीर गल्लीतलं भिंग आणि ठिपक्यांच्या डोळ्यांची माशी

मी घड्याळजी. 40 वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून बसतोय, त्यामुळे डबीवर ‘15 पट’ छापलंय म्हणून भुलत नाही. मोबाईलला चिमट्यासारखं अडकवायचं हे मॅक्रो भिंग पुण्यात तपकीर गल्लीत घेतलं. 900 सांगितले, 650 दिले. घरी आल्यावर आधी स्टीलची पट्टी खाली धरून फोटो काढला. फोटोच्या रुंदीत 14 मिलिमीटर मावले. 15 पट वगैरे सोडा, पण माझ्या कामापुरतं पुरे.

काम म्हणजे एक माशी. गच्चीवर बायकोची कोथिंबीर फुलावर आली होती आणि त्यावर दोन तऱ्हेच्या पाहुण्या यायच्या. एक बारीक, नारिंगी-काळ्या पट्ट्यांची. ती शेतकऱ्यांच्या ओळखीची सिरफिड माशी, हिच्या अळ्या मावा खातात. दुसरी चांगली जाडजूड, हवेत टांगल्यासारखी जागच्या जागी थांबणारी. ही कोण? भाच्यानं साध्या मोबाईलचा फोटो कुठल्याशा ॲपला दाखवला. एकदा उत्तर आलं मधमाशी, दुसऱ्यांदा गांधीलमाशी. मला पटेना. मधमाशीला पंख चार, हिला दोनच. दुसऱ्या जोडीच्या जागी बारीक दांड्यांवरच्या दोन गोळ्या, उडताना तोल सांभाळायला. मी त्याला बॅलन्सच म्हणतो.

आता भिंगाची खोड. माशीपासून 3 सेंटिमीटरवर जावं लागतं, आणि आपल्याआधी मोबाईलची सावली पोचते. पहिले चार दिवस नुसत्या कोथिंबिरीचे फोटो. मग डिसेंबरातल्या गारठ्यात सकाळी सातला गेलो, तेव्हा बाई पानावर आखडून बसल्या होत्या. तेव्हा जमलं. तरी एका फोटोत सगळं येत नाही. डायल स्पष्ट धरली की काटे धूसर, तशी गत: डोळा नेमका आला की पंख गेला. म्हणून समोरून, वरून आणि पंखाच्या बाजूनं असे वेगवेगळे काढायचे. हे कळायला मला आठवडा लागला, तुम्ही पहिल्याच दिवशी करा. माशी ओळखू येत नाही ती बहुतेक वेळा फक्त पाठीचा फोटो काढल्यामुळे.

पंखाच्या फोटोनं मात्र पैसे वसूल केले. मधोमध एक अस्पष्ट शीर, जी कुठल्याच शिरेला जाऊन मिळत नाही. हीच ती खोटी शीर, लॅटिनमध्ये ‘वेना स्प्युरिया’. ती दिसली म्हणजे ही सिरफिडच, त्या बारकीच्याच कुळातली, मग अंगावर पट्टे असोत नसोत. पंखाच्या टोकाकडची आणखी एक शीर मध्येच खोलगट खाली वाकलेली, घड्याळातल्या केसाएवढ्या हेअरस्प्रिंगला कुणी बोट लावल्यासारखी. तिथून सिरफिडांतल्या एरिस्टॅलिस गटातली किंवा तिची भावंडं, एवढं नक्की झालं. मग समोरचा फोटो मोठा केला आणि मी खुर्चीत सरळ झालो: पिवळट डोळ्यांवर गडद ठिपके, कुणी सुईनं शाई टिपल्यासारखे. भावंडांपैकी ही एरिस्टॅलायनस. दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले, म्हणजे नर; बाई म्हणत होतो ते चुकलंच. छातीवरच्या पट्ट्यांवरून पुढचं नाव सांगायचा मोह झाला, पण तसे पट्टे या गटात एकापेक्षा जास्त जातींना असतात. आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाकताना मी एरिस्टॅलायनसवरच थांबलो.

बायकोला कौतुकानं सांगितलं की याच्या अळ्या सडक्या पाण्यात वाढतात, शेपटीसारखी नळी पाण्यावर काढून श्वास घेतात. ती म्हणाली, “म्हणजे शेवटी गटारातलीच ना? कोथिंबीर धुऊन घे.”

बाकी तक्रारी. कडेला फोटो पसरट होतो आणि जांभळी किनार येते, म्हणून माशी मधोमधच ठेवा. दोन कॅमेऱ्यांचा मोबाईल असेल तर भिंग चुकीच्या कॅमेऱ्यावर बसवून अर्धा तास डोकं फोडाल, मी फोडलं. चिमट्याची स्प्रिंग नरम आहे, तिसऱ्या आठवड्यात आतलं रबर निघालं. दुकानात परत नेलं तर “काचेची गॅरंटी आहे, रबराची नाही” असं ऐकून आलो. शेवटी घड्याळाच्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा कापून चिकटवला. त्यानंतर हललेलं नाही.

650 ला घ्या. 900 ला मुळीच नको.